उशिराच्या मोहरीत मेलेल्या मधमाश्या: ग्वाल्हेरजवळचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाची ग्वाल्हेरहून झाशीच्या रस्त्याला, डबऱ्याच्या बाजूला थोडी जमीन आहे. जमीन बटाईनं दिलेली. मालक नोकरीतून निवृत्त झालेले, हंगामात अधूनमधून शेतावर चक्कर टाकणारे. त्यांचा भाचा मधपाळ आहे, म्हणून मालकांना या लेखात मामाच म्हणते. भाच्याकडे मेलिफेरा, म्हणजे युरोपीय मधमाश्यांच्या शंभराच्या आसपास पेट्या आहेत आणि दर थंडीत तो त्या मामांच्या मोहरीत आणून मांडतो. मी कीटकशास्त्रात काम करते. माश्या मरायला लागल्यावर भाच्यानं फोन केला, तिथून पुढे मी या प्रकरणात होते. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव आणि काही तपशील गाळले आहेत.

मेलिफेरा ही आपल्याकडची माशी नव्हे. १९६२ साली आजच्या हिमाचल प्रदेशातल्या नगरोटा बगवान इथे ती भारतात नीट रुजली आणि तिथून उत्तरेच्या मैदानी भागात पसरली. ती पेटीत टिकते, ट्रकवरून हलवता येते आणि फुलोऱ्यामागे फिरवता येते. चंबळ-ग्वाल्हेरची मोहरी हा या फिरत्या धंद्याचा थंडीतला मोठा आधार आहे. मोहरीला स्वतःच्या परागानंही दाणा धरतो, पण माश्यांची ये-जा असली की शेंगा जास्त भरतात. त्यामुळे पेट्या आल्या की मामा खूश असत. बटाईदार सुरुवातीला जरा साशंक होता, पण एकदा काढणीचा उतारा बघितल्यावर त्यानंच पुढच्या वर्षी "पेट्या कधी येणार?" म्हणून विचारलं होतं.

या भागाची एक खास गोष्ट पुढच्या सगळ्या घटनेच्या मुळाशी आहे. खरिपात पडीक ठेवलेल्या किंवा बाजरी निघालेल्या शेतात मोहरी ऑक्टोबरमध्ये पेरली जाते. हरसी धरणाच्या कालव्याचं पाणी जिथे पोचतं तिथे मात्र आधी भात असतो. भात निघेपर्यंत नोव्हेंबर उजाडतो, मग मोहरी उशिरा पडते आणि उशिरा फुलते. म्हणजे जानेवारीच्या शेवटी एका शेतात शेंगा धरलेल्या असतात आणि दोन-एक किलोमीटरवर दुसरं शेत ऐन पिवळं असतं.

काय घडलं

जानेवारीचा शेवटचा आठवडा. काही दिवस दाट धुकं होतं, माश्या फारशा बाहेर पडत नव्हत्या. मग ऊन पडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पेट्यांच्या दारासमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडलेला बटाईदाराला दिसला. त्यानं मामांना फोन केला, मामांनी भाच्याला. भाचा संध्याकाळी पोचला तोवर अंधार पडत आला होता.

मामांचं पहिलं मत थंडीचं होतं. "एवढं धुकं होतं, गारठून मेल्या असतील," ते म्हणाले. भाच्याला वरोआ माइट या माश्यांवर जगणाऱ्या बारीक परजीवीची शंका आली, कारण मागच्या पावसाळ्यात त्याच्या काही पेट्यांमध्ये तो वाढला होता. बटाईदार गप्प होता. त्याच आठवड्यात त्यानं मोहरीच्या कडेला मावा दिसला म्हणून फवारणी केली होती आणि आपल्यावर येईल अशी त्याला भीती होती. हे त्यानं दोन दिवसांनी सांगितलं, तेही मामा तिथे नसताना.

कारण कोणतं?

मेलेल्या माशीकडे बघून बरंच कळतं, पण ती ताजी असेल तरच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा पहिल्या दिवशीच्या माश्या दवानं भिजून मऊ पडल्या होत्या आणि मुंग्या लागल्या होत्या. नशिबानं भाच्यानं आदल्या संध्याकाळीच वेगवेगळ्या पेट्यांसमोरच्या मूठमूठ माश्या पिशव्यांत भरून घरच्या फ्रीजरमध्ये टाकल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, त्याला सुचलं म्हणून. पुढे ज्याचा आधार घेता आला तो पुरावा तेवढाच.

दारासमोर काही माश्या अजून जिवंत होत्या. एक उताणी पडून पाय झाडत होती, उठायचा प्रयत्न केला की जागच्या जागी गरगर फिरे. तिची सोंड पूर्ण बाहेर आलेली होती, अंग ओलसर होतं आणि मागच्या दोन्ही पायांवर मोहरीच्या परागाचे पिवळे गोळे तसेच होते. तिला तळहातावर घेऊन ऊब दिली. गारठलेली माशी अशी ऊब मिळाली की थोड्या वेळात पंख हलवायला लागते आणि उडून जाते. ही उठली नाही. आणखी काही माश्या तशाच धरून पाहिल्या, त्याही उठल्या नाहीत. थंडीचा मुद्दा तिथेच जवळपास निकालात निघाला.

उपासमारीनं मेलेल्या वसाहतीत माश्या पोळ्याच्या रिकाम्या घरांत डोकं खुपसून मरतात. इथे चौकटींत मध भरपूर होता.

वरोआसाठी साखरेची चाचणी केली. अळ्यांच्या चौकटीवरच्या अर्धी वाटी माश्या, म्हणजे सुमारे तीनशे, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्यायच्या, वर पिठीसाखर घालून हलवायच्या आणि साखर पांढऱ्या ताटात झटकायची. माइट माशीला सोडून साखरेबरोबर ताटात पडतात आणि मोजता येतात. शंभर माश्यांमागे तीनच्या पुढे संख्या गेली की उपचाराचा विचार करतात. तपासलेल्या पेट्यांत ती बहुतेक ठिकाणी एकच्या आत होती. एका पेटीत जास्त होती, तिची वेगळी नोंद केली. शिवाय वरोआच्या मागोमाग येणाऱ्या विषाणूमुळे पंख चुरगळलेल्या माश्या निघतात, तशा इथे दिसल्या नाहीत. वरोआ वसाहत हळूहळू पोखरतो. एका दुपारीत एवढा सडा पाडत नाही.

सोंड बाहेर, गरगर फिरणं, ओलं अंग, पायावर पराग आणि एकाच वेळी सगळ्या बळकट पेट्यांसमोर मृत्यू, हे सगळं कीटकनाशकाकडे बोट दाखवत होतं. बळकट पेट्यांचं नुकसान जास्त होतं हेही महत्त्वाचं. ज्या वसाहतीच्या जास्त माश्या बाहेर पडतात तिच्याच जास्त मरतात. आजारात बहुधा उलट घडतं.

पण फवारणी कुणाची? संशय आधी बटाईदारावर गेला, आणि त्याच्या बाजूनं फक्त तोच बोलत होता. त्याचं म्हणणं होतं की त्यानं सूर्य मावळताना फवारलं, तेही कडेच्या पट्ट्यात, आणि मामांच्या मोहरीत आता फूल उरलंच किती? ते खरं होतं. शेत तीन-चतुर्थांश शेंगांवर आलं होतं. मग माश्या कुठे जात होत्या?

याचं उत्तर माश्यांनाच विचारता येतं. पोळ्यात परतलेली कामकरी माशी फुलांची जागा नाचून सांगते, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडून दाखवलं आणि १९७३ साली त्यांना लोरेंत्स व टिनबर्गन यांच्यासह नोबेल मिळालं. उभ्या पोळ्यावर माशी शेपटी थरथरवत सरळ धावते. त्या धावेचा उभ्या रेषेशी जो कोन, तोच पेटीतून बघताना सूर्याच्या दिशेशी फुलांचा कोन. धाव जितकी लांबते तितकं अंतर जास्त, एक सेकंद म्हणजे ढोबळमानानं एक किलोमीटर.

माझ्याकडे कामासाठीची काचेच्या भिंतींची लहान पेटी होती. एका वसाहतीच्या राणीसकट दोन चौकटी तिच्यात घेतल्या आणि ती पेटी मूळ पेटीच्याच जागी ठेवली. मूळ पेटी लांब सरकवली. बाहेर गेलेल्या माश्या जागा ओळखून परततात, त्यामुळे त्या थेट काचेच्या पेटीत शिरल्या. दुपारी नाच सुरू झाले. भाचा मोबाइलवर संथ गतीत चित्रण करत होता, मी काचेवर धरलेल्या ओळंब्याशी कोन मोजत होते. एकेका नाचावर विसंबता येत नाही, एकच माशी लागोपाठच्या धावांतही थोडी इकडेतिकडे होते. म्हणून बरेच नाच टिपून सरासरी काढली. दुपारी साडेबाराच्या सुमारास, सूर्य दक्षिणेला असताना, बहुतेक धावा उभ्या रेषेच्या डावीकडे साठ अंशांच्या आसपास झुकलेल्या होत्या आणि दीड सेकंदाच्या जवळपास चालत होत्या. म्हणजे आग्नेयेच्याही थोडं पूर्वेला, दीड-एक किलोमीटरवर. कालव्यापलीकडे.

तिथे भातानंतरची उशिराची मोहरी होती, भरात फुललेली, आणि शेंड्या-शेंड्यांवर माव्याचे थर. थंड, ढगाळ, दमट दिवस माव्याला मानवतात आणि उशिराचं पीक त्याच्या ऐन वाढीत सापडतं. त्या शेतकऱ्यानं काही लपवलं नाही. धुकं हटलं त्याच दुपारी त्यानं फवारणी केली होती. औषध डायमेथोएट.

या औषधाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. कुठलंही नवं कीटकनाशक मधमाशीला किती घातक आहे हे प्रयोगशाळेत तपासतात तेव्हा तुलनेसाठी 'हे नक्की मारतं' म्हणून डायमेथोएटच वापरतात. एका माशीला मायक्रोग्रॅमचा एखाद-दुसरा दशांश पुरतो.

नाच विषाची जागा दाखवत नाही, फुलांची दाखवतो. त्यामुळे एवढ्यावर कुणाला दोषी ठरवता येत नव्हतं. तरी कुठे जाऊन विचारायचं ते कळलं, आणि बटाईदारावरचा संशय गेला. मामांनी त्याला घरी बोलावून चहा पाजला, मुद्दाम.

कोणते पर्याय होते

भाच्याला रातोरात पेट्या हलवायच्या होत्या. धंद्याच्या दृष्टीनं ते बरोबर होतं. पण कुठे? जवळ हलवून उपयोग नसतो. तीन-एक किलोमीटरच्या आत हलवलं तर जुनी वाट ओळखणाऱ्या माश्या जुन्या जागी परततात आणि रिकाम्या जमिनीवर घोळका करून बसतात. पुढचा फुलोरा गुना जिल्ह्याकडच्या धने-कोथिंबिरीचा होता, पण तिथल्या जागेची ठरलेली तारीख अजून यायची होती. शिवाय अर्धमेल्या वसाहती रात्रभर ट्रकवर धक्के खात नेणं हाही धोकाच.

दुसरा पर्याय पेट्या बंद करण्याचा. फवारणीच्या आदल्या रात्री दाराला जाळी लावायची, आत हवा खेळती ठेवायची, पाणी द्यायचं. थंडीत एक दिवस हे निभतं. पण फवारणी कधी आहे हे आधी कळलं तरच.

तिसरा, तक्रार. मामा चिडले होते आणि अर्ज लिहायला बसले होते. भाच्यानं अडवलं. "मामा, तुम्ही अर्ज द्याल, मान्य. पण पुढच्या वर्षी मला या पंचक्रोशीत पेटी कोण ठेवू देईल?" मला स्वतःला दोघांचंही पटत होतं. नुकसान मोठं होतं, आणि फुलोऱ्यात फवारू नका हे औषधाबरोबरच्या पत्रकात लिहिलेलं असतं. पण फवारणाऱ्याला पेट्या जवळ आहेत हे कुणीच सांगितलं नव्हतं. कालव्यापलीकडच्या कुणालाही भाचा कधी भेटलेला नव्हता.

चौथा, त्या शेतकऱ्याशी बोलून फवारणीची वेळ बदलणं. हा सगळ्यात साधा वाटतो आणि सगळ्यात अवघड निघाला.

काय केलं

शेतकऱ्याची अडचण आम्हाला त्याच्या बांधावर बसल्यावर समजली. "संध्याकाळी फवारा" हे सांगणं सोपं आहे. जानेवारीत इथे सकाळी दहा-साडेदहापर्यंत पिकावर दव असतं, ओल्या पानावर औषध टिकत नाही. माश्या अकरानंतर येतात आणि तीनपर्यंत जोरात असतात. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे त्याला चार ते सहा एवढाच वेळ उरतो, आणि पाठीवरच्या एका पंपानं सगळं शेत तेवढ्यात होत नाही. मजूर रोजावर येतो, दुपारी बसवून ठेवला तरी रोज द्यावा लागतो. तो दुपारी फवारतो तो आडमुठेपणानं नव्हे.

मग दोन गोष्टी ठरल्या. पहिली, माव्याची मोजणी. शेंड्याच्या वरच्या दहा सेंटिमीटरवर पंचवीसच्या आसपास मावा असेल तर फवारणीला अर्थ आहे, त्याखाली थांबता येतं. शेतात आडवं-उभं फिरून पाहिलं तर कडेच्या पट्ट्यात मावा खूपच होता आणि आत बराच कमी. आत लेडीबर्ड किड्यांच्या अळ्या कामाला लागलेल्या होत्या. सात ठिपक्यांचा लाल किडा सगळे ओळखतात, पण त्याची काळसर, काटेरी अळी शेतकऱ्याला कीडच वाटत होती. ती एका शेंड्यावरचा मावा खाताना त्याला दाखवली, तो बराच वेळ वाकून बघत राहिला. दुसरी फवारणी फक्त कडेला करायचं ठरलं.

दुसरी गोष्ट, भाच्यानं आपल्या खर्चानं बॅटरीवरचा एक पंप आणून दिला. दोन पंपांनी कडेचा पट्टा चार ते सहामध्ये उरकला. आदल्या रात्री निरोप आला, पेट्यांना जाळ्या लागल्या, फवारणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी उघडल्या. दारासमोर मेलेल्या माश्या होत्या, पण नेहमीच्या प्रमाणात.

पेट्यांच्या आतल्या बाजूला एक निर्णय वादाचा झाला. विषारी पराग चौकटीत साठवलेला असेल तर तो अळ्यांना भरवणाऱ्या तरुण माश्यांच्या पोटात जात राहतो आणि मृत्यू लांबतात. म्हणून ताज्या परागाच्या चौकटी काढाव्यात, असं मी म्हटलं. पण काही पेट्या तशाच ठेवाव्यात, म्हणजे फरक कळेल, हेही म्हटलं. भाचा म्हणाला, "ताई, तुमच्यासाठी हा प्रयोग आहे, माझ्यासाठी घरखर्च." शेवटी सगळ्यात खालावलेल्या पेट्यांतून त्या चौकटी काढल्या, मध्यम पेट्या तशाच राहिल्या. माश्या इतक्या कमी उरल्या होत्या की काही पेट्यांत अळ्यांना लागणारी ३४-३५ अंशांची ऊब टिकत नव्हती. तशा वसाहती जोडीजोडीनं एकत्र केल्या, जास्त माइट निघालेली पेटी सोडून.

परिणाम

काही वसाहती गेल्या. एकत्र केलेल्यांपैकी बहुतेक सावरल्या. मोहरीचा शेवटचा मध भाच्यानं काढलाच नाही. विषाची शंका असलेला मध विकायचा नाही हे त्यानं कुणी न विचारता ठरवलं, आणि मला त्याचा हा निर्णय या सगळ्यात मोठा वाटतो. ठरल्या तारखेला पेट्या गुन्याकडे गेल्या.

फ्रीजरमधल्या नमुन्यांचा अहवाल पेट्या हलल्यानंतर आला. त्यांत डायमेथोएट सापडलं. दोन दिवसांनी जमिनीवरून उचललेल्या नमुन्यांत काहीच सापडलं नाही. तेच शेत, त्याच पेट्या, तेच विष. फक्त मधे दोन दिवस ऊन-दव खाल्लेलं. उशिरा उचललेल्या माश्यांवरून 'विष आढळलं नाही' असा निष्कर्ष काढला असता तर तो साफ चुकीचा ठरला असता, आणि बहुतेक ठिकाणी असंच होत असावं अशी माझी धास्ती आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पेट्या मांडण्याआधी तीन किलोमीटरचा फेरा मारायला हवा होता. मधमाशी शेताची हद्द बघून चरत नाही. करार मामांशी आणि माश्या भलत्याच्याच शेतात, अशी दर वर्षी स्थिती असते. कुणाची मोहरी कधी फुलणार याची साधी यादी डिसेंबरमध्येच झाली असती तर जानेवारीच्या शेवटी माश्या कालव्यापलीकडे जाणार हे आधीच दिसलं असतं. या हंगामात भाच्यानं तशी यादी केली आहे, आणि त्यातल्या प्रत्येकाकडे त्याचा फोन नंबर आहे.

परागाच्या चौकटी काढल्यानं फायदा झाला की नाही, हे या प्रकरणातून सांगता येत नाही. खालावलेल्या आणि मध्यम पेट्या मुळातच सारख्या नव्हत्या. सारख्या ताकदीच्या थोड्या पेट्यांच्या जोड्या लावता आल्या असत्या, तेवढ्यानं भाच्याचं नुकसानही वाढलं नसतं.

न मेलेल्या माश्यांकडे आम्ही कमी लक्ष दिलं. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या मिकाएल आंरी आणि सहकाऱ्यांनी माश्यांच्या पाठीवर इलेक्ट्रॉनिक खुणा चिकटवून दाखवलं होतं की थायामेथोक्झाम या कीटकनाशकाच्या न मारणाऱ्या मात्रेनंही बऱ्याच माश्या घरी परतत नाहीत. अशी माशी पेटीसमोर सापडत नाही, तिची मोजणी होत नाही. युरोपीय संघानं २०१८ मध्ये हे औषध आणि त्याच्या जातीतली आणखी दोन, इमिडाक्लोप्रिड आणि क्लोथियानिडिन, उघड्या शेतात वापरायला बंदी केली. आपल्याकडे त्यातली काही मोहरीच्या माव्यावर सर्रास वापरली जातात. पुढच्या वेळी कुणी डायमेथोएटऐवजी त्यातलं एखादं फवारलं तर सडा कदाचित इतका दिसणार नाही, आणि नुकसान झालंच नाही असं सगळ्यांना वाटेल. त्यासाठी एकाच वेळेला, ठरावीक मिनिटांत किती माश्या पेटीत परततात याची रोजची नोंद हवी. ती भाचा आता काही पेट्यांवर ठेवतो.

आणि ज्यांना पेटीच नाही त्यांचं काय? मोहरीवर मेलिफेराखेरीज फुलोरी ही लहान रानमाशी येते, आग्या येते, आणि जमिनीत एकेकटं घर करणाऱ्या आंद्रेना जातीच्या माश्या येतात. त्या फवारणीत त्यांच्यातल्या किती मेल्या ते कुणालाच कळलं नाही, कारण त्यांच्या दारासमोर सडा पडत नाही. कालव्यापलीकडच्या शेतात आम्ही गेलो तेव्हा सगळं लक्ष माव्यावर आणि औषधावर होतं. त्याच फेरीत फुलांवरच्या इतर माश्या मोजता आल्या असत्या. मामांच्या शेताच्या पूर्वेकडच्या बांधात आंद्रेनांची बिळं आहेत, तोंडाशी मातीचा बारीक ढीग असलेली. या वर्षी त्यातली एक पट्टी दोरी लावून आखली आहे आणि फुलोऱ्यात किती बिळं चालू राहतात ते टिपणं सुरू आहे. बांध सरळ करायचं काम मामांनी मार्चनंतर ढकललं आहे. बटाईदाराला ते अजून पटलेलं नाही.